गोळ्या ज्याने स्वतः खाल्ल्या, तो सांगतो तेव्हा… मानसिक आजारात 'अनुभवी साथीदारा'चं काम काय?

मनाचा आजार झाला की डॉक्टर गोळ्या लिहून देतात. पण त्या गोळीनं दिवसभर गुंगी का येते, तोंड का कोरडं पडतं, खुरपं धरताना हात का थरथरतो, आणि तरीही डॉक्टरला न विचारता ती बंद का करायची नाही, हे ज्याने स्वतः सोसलंय त्याच्या तोंडून ऐकलं की माणसाला पटतं. अशा माणसाला दवाखान्यात किंवा गावपातळीवर रीतसर काम दिलं तर इंग्रजीत त्याला पीअर वर्कर म्हणतात. मराठीत त्याला पक्का शब्द अजून रुळलेला नाही. आपण अनुभवी साथीदार म्हणू.

तो डॉक्टर नाही. गोळीचा डोस तो कमी-जास्त करत नाही, आजाराचं नाव ठरवत नाही. तो रुग्णाजवळ बसतो, ऐकतो, आपलं काय झालं होतं ते सांगतो. पहिल्यांदा जिल्हा रुग्णालयात जायची लाज वाटते तेव्हा सोबत जातो. केसपेपर कुठे काढायचा, अपंगत्वाच्या दाखल्याला कोणते कागद लागतात, हे त्याला पाठ असतं. (२०१६ च्या दिव्यांग कायद्यात मानसिक आजार धरलेला आहे, हे आपल्याकडे पुष्कळ घरांना माहीतच नसतं.) आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे तो समोर दिसतो. 'येडा झाला, आता संपला' असं ज्याच्याबद्दल भावकी बोलत होती, तो आज कामाला जातो, हे घरच्यांना डोळ्यांनी दिसतं.

ही कल्पना काही आजची नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वी पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात मनोरुग्णांना साखळदंडाने बांधून ठेवत. तिथला व्यवस्थापक पुसँ हा बरे झालेले रुग्णच नोकर म्हणून ठेवू लागला, कारण ते मारझोड करत नसत. तिथले डॉक्टर पिनेल यांनीही ही पद्धत उचलून धरली. पुढे १९३५ साली अमेरिकेत अॅक्रन गावी बिल विल्सन हा शेअर दलाल आणि बॉब स्मिथ हे सर्जन भेटले. दोघेही दारूत बुडालेले. एका दारुड्याने दुसऱ्या दारुड्याशी बोलायचं, एवढ्यावर अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस उभी राहिली.

आपल्या जवळचं उदाहरण पुण्याचं मुक्तांगण. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ते सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीतून. तिथले अनेक कार्यकर्ते एकेकाळी तिथेच उपचार घेतलेले. व्यसनी माणूस शंभर थापा मारतो, त्या थापा पूर्वी स्वतः मारलेल्या माणसापुढे चालत नाहीत. तिथे रुग्णांच्या बायकांचाही वेगळा गट आहे. ते मला फार महत्त्वाचं वाटतं. नवऱ्याच्या दारूचं दुःख दुसऱ्या कुणाला सांगायची सोय बाईला गावात नसते. तेव्हा अनुभव म्हणजे फक्त रुग्णाचाच नव्हे, सांभाळणाऱ्याचाही धरला पाहिजे.

दारूबाबत आपण हे मानतो. स्किझोफ्रेनिया, खोल उदासी, भास यांच्याबाबत मात्र मानत नाही. शेजारच्या गुजरातमध्ये २०१४ नंतर जागतिक आरोग्य संघटनेचा 'क्वालिटी राइट्स' हा कार्यक्रम सहा सरकारी मानसिक आरोग्य केंद्रांत राबवला गेला, तेव्हा तिथे उपचार घेणाऱ्यांमधूनच साथीदार तयार केले होते. म्हणजे सरकारी दवाखान्यात हे जमतं.

उपयोग किती होतो? इंग्लंडमध्ये ४४१ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली छापून आला. मनाच्या मोठ्या झटक्यातून सावरलेल्या निम्म्या लोकांना अनुभवी साथीदार दहा वेळांपर्यंत भेटला, उरलेल्यांना नुसती माहितीची वही पोस्टाने दिली. वर्षभरात साथीदार मिळालेल्यांपैकी २९ टक्के, तर वहीवाल्यांपैकी ३८ टक्के पुन्हा तातडीच्या उपचारात आले. बाकी अभ्यासांचा सूर जरा सावध आहे. आजाराची लक्षणं साथीदारामुळे फारशी कमी होत नाहीत, पण उमेद आणि स्वतःवरचा भरवसा थोडा वाढतो. तेव्हा साथीदार आला म्हणून डॉक्टर नको, असं कुणी म्हणू नये.

गावात अडचणी वेगळ्या आहेत. इथे कुणाच्या घरी काय शिजलं ते संध्याकाळपर्यंत पारावर येतं. साथीदाराने ऐकलेलं बाहेर गेलं तर मुलीचं ठरलेलं लग्न मोडू शकतं. म्हणून आधी प्रशिक्षण आणि गुप्ततेची शिस्त, मगच घरोघर जाणं. दुसरं, रोज दुसऱ्याचं दुःख ऐकून त्याचा स्वतःचा आजार उफाळू शकतो. त्याला सुट्टी आणि मागे उभा राहणारा डॉक्टर किंवा समुपदेशक लागतो. तिसरं पैशाचं. 'समाजसेवा कर' म्हणून फुकट राबवून घ्यायचं हे मला पटत नाही. आशाताईंना कामाच्या मानाने मोबदला मिळायला किती भांडावं लागलं ते सगळ्यांनी पाहिलंय. अमेरिकेत जॉर्जिया राज्याने या कामाला सरकारी आरोग्य योजनेतून पैसे द्यायला विसाहून जास्त वर्षांपूर्वीच सुरुवात केली.

कायद्याची बाजू आपल्याकडे अगदीच कोरी नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार राज्याच्या प्राधिकरणावर मानसिक आजार झालेल्यांचे प्रतिनिधी घ्यावे लागतात. वर मंडळावर बसायला अनुभव चालतो, मग खाली ओपीडीच्या बाकावर का नको? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात ओपीडीच्या दिवशी एक-दोन साथीदार बसवले तरी सुरुवात होईल. कुणाच्या घरी कोण गोळ्या बंद करून बसलंय, हे आशाताईला माहीत असतंच. ती आणि साथीदार जोडीने गेले तर दार लवकर उघडेल.

सध्या ज्यांना मदत हवी आहे त्यांच्यासाठी टेलीमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर आहे. चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटत असेल, किंवा घरात कुणी तसं बोलत असेल, तर त्याला एकटं ठेवू नका, फवारणीचं औषध त्याच्या हाती लागणार नाही असं ठेवा आणि लगेच जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या.