ठिपक्यांची रेघ

इतिहास शिकविण्यात माझी उभी हयात गेली. शेकडो उत्तरपत्रिका तपासल्या, हजारो लाल रेघा ओढल्या. त्यांतली एक मात्र मला अजून टोचते.

गोष्ट १९६८ सालची. नोकरीत मी नवाच होतो. सहामाही परीक्षेत शिवाजी महाराजांचे जन्मसाल विचारले होते. वर्गात मी १६२७ सांगितले होते. एका मुलाने १६३० लिहिले. मी त्यावर लाल रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी तो शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला.

"सर, वडील म्हणतात, जेधे शकावलीत १६३० आहे."

खरेच होते ते. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या त्या शकावलीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी स्वच्छ नोंद आहे. आणि मला ती ठाऊक होती! मुलांचा गोंधळ नको म्हणून मी ती वर्गात सांगितली नव्हती, इतकेच.

"मग तुम्ही दोन्ही साले का नाही सांगितलीत?" त्याने विचारले. मी त्याचा गुण परत दिला. उत्तर मात्र देता आले नाही.

ते उत्तर मला पुढे एका इंग्रज गृहस्थाकडे सापडले, तेही अगदी अनपेक्षितपणे. जोसेफ प्रिस्टली हे नाव आपण शास्त्राच्या पुस्तकात वाचतो. १७७४ साली त्याने प्राणवायू वेगळा काढला. परंतु त्याआधी हा मनुष्य वॉरिंग्टन गावच्या एका विद्यालयात मास्तर होता, आणि मुलांना इतिहासही शिकवीत होता. इंग्लंडच्या राजमान्य चर्चला न मानणाऱ्या घरांतली ही मुले. ऑक्सफर्डचे दार त्यांना बंद, केंब्रिजची पदवी मिळायची नाही. त्यांतल्या कित्येकांना पुढे व्यापारात आणि व्यवहारात पडायचे होते. त्यांना राजांच्या नावांची घोकंपट्टी काय कामाची?

प्रिस्टलीने एक तक्ता काढला. साल १७६५. आपल्याकडे तेव्हा पुण्यास थोरले माधवराव पेशवे विशीत राज्याचा गाडा ओढीत होते. तक्ता सुमारे तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद. त्यात इसवी सनापूर्वी १२०० पासून इसवी सन १८०० पर्यंतची तीन हजार वर्षे आडवी मांडलेली, आणि सुमारे दोन हजार नामवंतांची आयुष्ये. प्रत्येक आयुष्य म्हणजे एक आडवी रेघ: जन्माच्या सालापाशी सुरू, मृत्यूच्या सालापाशी बंद. जितकी वर्षे जगला तितकी लांब. योद्धे, कवी, गणिती, इतिहासकार असे सहा पट्टे पाडलेले. कोण कोणाचा समकालीन, कोण कोणाच्या आधी, हे पाठ करावे लागत नाही. नुसते पाहिले की कळते.

काळाचा तक्ता करणारा तो काही पहिला नव्हे. चौथ्या शतकात युसेबियसने राजांच्या सनावळ्या रकान्यांत शेजारी शेजारी मांडल्या होत्या. फ्रान्सच्या बार्ब्यू-दुबूर्गने १७५३ साली केलेला कालपट तर चोपन्न फूट लांब होता. तो गुंडाळून ठेवावा लागे. प्रिस्टलीचा भिंतीवर टांगता येई. पण मला भावली ती निराळीच गोष्ट. जिथे साल पक्के ठाऊक, तिथे त्याने अखंड रेघ काढली. जिथे संशय, तिथे ठिपके दिले. आपले अज्ञान त्याने झाकले नाही, ते छापले.

ह्या रेघांचा वंश पुढे वाढला. विल्यम प्लेफेअरने १७८६ साली देशांच्या आयात-निर्यातीचे आलेख छापले. त्याच पुस्तकात स्कॉटलंडचे आकडे त्याच्यापाशी एकाच वर्षाचे होते. मधली वर्षे मनाने भरून वाहती रेघ काढण्याऐवजी त्याने प्रत्येक देशापुढे आयात-निर्यातीच्या पट्ट्या काढल्या. आज शाळेतली पोरे जो स्तंभालेख काढतात, त्याचा उगम असा प्रामाणिक अडचणीत आहे.

मी ठरविले, आपल्या वर्गाचाही तक्ता करायचा. ड्रॉइंगचे कागद खळीने जोडले. दहा वर्षांना एक इंच, सन १२०० ते १९००, म्हणजे जवळजवळ सहा फूट. मुलांनी रेघा ओढायला घेतल्या. ज्ञानेश्वरांची रेघ, रूढ साले धरून, १२७५ ते १२९६, जेमतेम दोन इंच. शेजारी नामदेवांची आठ इंच. त्या दोन इंचांकडे पाहून वर्ग क्षणभर गप्प झाला. "एवढ्यात ज्ञानेश्वरी?" कोणीतरी म्हणाले. रामदासांच्या खाली इंग्रजांचा मिल्टन आला. दोघांचेही जन्मसाल १६०८. महाराजांचा राज्याभिषेक १६७४ चा. त्या सालात न्यूटनची रेघ भेटली, तेव्हा तो केंब्रिजला प्राध्यापक होता. तुकोबांच्या रेघेची सुरुवात ठिपक्यांनी केली, कारण कोणी १५९८ म्हणतात, कोणी १६०८. आणि महाराजांच्या रेघेपाशी १६२७ ते १६३० असे तीन वर्षांचे ठिपके त्या मुलानेच दिले. पुढे २००१ साली राज्य सरकारने १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख मान्य केली, तेव्हा मला ते ठिपके आठवले.

तक्त्यात मधेच बरीच जागा मोकळी राहिली होती. नामदेव गेले १३५०च्या सुमारास, एकनाथ जन्मले १५३३च्या सुमारास. "सर, एवढ्या वर्षांत कोणी जन्मलेच नाही का?" एका मुलीने विचारले. "जन्मले गं, पुष्कळ. आपल्या तक्त्यात त्यांना जागा मिळाली नाही." असा प्रश्न माझ्या सनावळ्यांतून कधी निघाला नव्हता. तक्ता कारणे सांगत नाही. ती मास्तरालाच सांगावी लागतात. पण ती विचारायला मात्र तो शिकवितो.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी उरलेले कागद घरी नेले. आमची वंशावळ होती. आठ पिढ्यांची, आणि सारी पुरुषांची. भावंडांना घेऊन मी ओटीवर तिच्या रेघा काढू लागलो. आजी दारात रांगोळीचे ठिपके काढीत होती. ती उठून आली आणि वाकून पाहू लागली.

"ह्यात मी कुठे रे?"

मी ओशाळलो. "आजी, तुझा जन्म कोणत्या सालचा?"

"मला काय ठाऊक! आई म्हणायची, पुण्यात प्लेग आला त्याच्या आदल्या साली मी झाले."

प्लेग १८९७ चा. मी १८९६ च्या आसपास चार ठिपके दिले आणि तिथून पुढे रेघ ओढली. आजोबांच्या रेघेला लागून, आणि त्यांच्यापेक्षा कितीतरी पुढे आलेली. आजी बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिली.

"ठिपके आधी, रेघ मागून," ती म्हणाली, "आमच्या रांगोळीचेही तसेच असते." मग आपल्या सासूचे नाव सांगितले, तिच्या सासूचे सांगितले. त्यांची साले कोणालाच ठाऊक नव्हती. त्यांच्या सबंध रेघा ठिपक्यांच्याच झाल्या. पण झाल्या.

तो कागद आता पिवळा पडला आहे. दर दिवाळीला नातवंडे तो पसरून बसतात, नव्या रेघा जोडतात. आजीची रेघ १९७४ पाशी थांबते. तिच्या सुरुवातीचे चार ठिपके मात्र पुसायचे नाहीत, अशी माझी त्यांना ताकीद आहे.