बिस्किटाच्या पुड्यावरील चित्र

उरण तालुक्यांतील द्रोणागिरीच्या वस्तींत आज नाना प्रांतांचे लोक राहतात. शेजारचें जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ सालीं सुरू झालें आणि पोटापाण्याच्या उद्योगासाठीं दूरदूरचीं माणसें या भागांत येऊं लागलीं. अशा गांवीं वाण्याच्या दुकानांत एखादें लहान मूल किंवा अक्षरओळख नसलेला मजूर येतो, आणि हव्या त्या बिस्किटांच्या पुड्याकडे नुसतें बोट दाखवितो. नांव त्याला वाचतां येत नाहीं. रंग आणि चित्र तो ओळखतो. खाऊच्या प्रत्येक पुड्याचें रूप निराळें कां, याचें उत्तर या बोटांत आहे.

पूर्वीं खाऊ सुटा मिळे. चणे-कुरमुरे कागदाच्या पुडींतून येत, तर बिस्किटें बेकरीवाल्याच्या बरणींतून. दुकानदाराची ओळख हीच मालाची हमी असे. पुढें कारखाने निघाले, माल शेंकडों कोस जाऊं लागला, आणि करणारा व खाणारा यांची गांठ पडेनाशी झाली. बिस्किट सादळूं नये म्हणून त्याला वेष्टण आलें. तेंच मग ओळखीचें साधन झालें.

विलेपारलें येथें १९२९ सालीं निघालेल्या पार्ले कारखान्यानें १९३९ पासून बिस्किटें करण्यास आरंभ केला. त्यांच्या ‘ग्लुको’ बिस्किटांच्या पुड्यावर शेतघर, गाई, कोंबड्या आणि एक मुलगी असें चित्र असे. पुढें म्हैसूरच्या एका कंपनीनें ‘ग्लुकोज’ बिस्किटें जवळजवळ तेवढ्याच पुड्यांतून, तशाच रंगांत व तशाच चित्रासह विकावयास काढलीं. पार्ले कंपनीनें दावा लाविला. खालच्या न्यायालयानें आणि उच्च न्यायालयानें तो फेटाळला. परंतु १९७२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल फिरविला. गिऱ्हाईक कांहीं दोन पुडे शेजारीं ठेवून ताडून पाहत नाहीं. आज एक पुडा पाहिलेला मनुष्य दुसऱ्या दिवशीं दुसरा पाहून तोच समजेल, हें न्यायालयास पुरेसें वाटलें.

निरक्षर गिऱ्हाइकाची आठवण अशा रीतीनें कायद्याच्या संरक्षणास पात्र ठरली. मात्र ओळखीच्या चेहऱ्यावर विसंबणाऱ्यास आंतील माल घटला तरी चटकन् कळत नाहीं. यासाठीं १९७७ च्या नियमांनीं पुड्यावर निव्वळ वजन, किंमत, महिना आणि करणाऱ्याचा पत्ता छापणें सक्तीचें केलें. २०११ च्या नियमांनींही ती सक्ती चालू ठेविली. चित्र पाहून मुलांनीं खुशाल हट्ट धरावा. तीं बारीक अक्षरें वाचण्याचें काम घरांतील वडील माणसांचें आहे.