स्वतंत्र मजूर पक्ष ते रिपब्लिकन पक्ष : नाव बदलताना



मी इतिहासकार नव्हे. गिरणीत साचे खात्यात राबून, पाळी सुटल्यावर जे वाचले आणि वडीलधाऱ्यांकडून ऐकले, तेच मांडतो.

आपल्या चळवळीने नावे अनेकदा बदलली. मूकनायक, बहिष्कृत भारत, समता, जनता अशी एकामागून एक पत्रे निघाली. 1930 साली सुरू झालेल्या ‘जनता’चे 4 फेब्रुवारी 1956 रोजी ‘प्रबुद्ध भारत’ झाले. मुंबईत आपल्या कोकणवासीयांची महार ज्ञाती पंचायत समिती होती, ती धर्मांतरानंतर बौद्धजन पंचायत समिती झाली. पण खरी कसोटी लागली ती पक्षाचे नाव बदलताना.

15 ऑगस्ट 1936 रोजी बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. 1937 च्या निवडणुकीत मुंबई इलाख्यात 17 उमेदवार उभे केले, त्यातले 14 निवडून आले. आपल्या रत्नागिरी जिल्ह्याला हा पक्ष जवळचा वाटला तो खोतीमुळे. खोताच्या जाचाखाली महार होता तसा कुणबीही होता. 17 सप्टेंबर 1937 रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे बिल विधिमंडळात मांडले. 10 जानेवारी 1938 रोजी हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले. त्यात कोकणातला कुणबी आणि महार खांद्याला खांदा लावून चालला. त्याच वर्षी 7 नोव्हेंबरला गिरणी कामगारांचा संप झाला, त्यातही हा पक्ष होता.

मग जुलै 1942 मध्ये नागपूरच्या परिषदेत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले. कारण उघड होते. त्याच वर्षी क्रिप्स साहेब योजना घेऊन आले, तीत अस्पृश्यांच्या पदरात काहीच पडले नाही. इंग्रज सरकार जमातवार बोलणी करत होते. तिथे मजुरांच्या पक्षाला अस्पृश्यांचा प्रतिनिधी कोण मानणार? निर्णयामागची गरज खरी होती. पण किंमतही खरी होती. ‘मजूर’ या नावात कुणब्याला जागा होती, ‘शेड्यूल्ड कास्ट्स’ या नावात ती उरली नाही. मोर्चात आपल्याबरोबर चाललेल्या माणसाने आता कुठे जावे, हा प्रश्न आपण फारसा विचारलाच नाही. पुढे खोती 1949 च्या कायद्याने गेली, पण ती एकी परत जुळली नाही.

बाबासाहेबांना हे कळत नव्हते असे कोण म्हणेल? म्हणूनच 1956 साली त्यांनी फेडरेशन बरखास्त करून सर्वांना दार उघडे ठेवणारा रिपब्लिकन पक्ष काढायचे ठरवले. नवा पक्ष कसा असावा हे समजावणारे खुले पत्रही लिहिले. 6 डिसेंबरला ते गेले. मागे राहिलेल्यांनी एक शहाणपण केले. 1957 ची निवडणूक फेडरेशनच्याच नावाने लढवली. निवडणूक पार पडल्यावर 3 ऑक्टोबर 1957 रोजी नागपूरला रिपब्लिकन पक्षाची स्थापना केली. झेंडा निळाच ठेवला, निशाणी हत्तीच ठेवली. ज्या म्हातारीला अक्षर वाचता येत नव्हते, तिला हत्ती ओळखता येत होता. पण समजावणारा बाप राहिला नव्हता. थोड्याच वर्षांत दुरुस्त-नादुरुस्त असे गट पडले, ते पुढे वाढतच गेले.

हे सांगायचे कारण माझीच एक चूक आहे. आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाचे जुने नाव आम्ही तरुणांनी एका सभेत बदलले. नवे नाव चांगलेच होते. पण जुन्या वर्गणीदारांना कुणी विचारले नाही, पाटी मीच रंगवली. एक आजोबा मला म्हणाले, “अरे, मी चाळीस वर्षं वर्गणी भरली, ती कुठल्या मंडळाला?” मी त्यांना कायदा शिकवला. ते पुन्हा सभेला आले नाहीत. त्यांच्या मयतीला गेलो तेव्हा त्यांच्या ट्रंकेत जुन्या मंडळाच्या सगळ्या पावत्या सुतळीने बांधून ठेवलेल्या दिसल्या. आजही ते आठवले की मान खाली जाते.

नाव बदलू नये असे मी म्हणत नाही. नाव बदलले नसते तर आपण आज बौद्ध म्हणून उभे राहिलो नसतो. पण बदलण्याआधी घरोघर जावे, कारण सांगावे, म्हाताऱ्यांचे ऐकून घ्यावे. जुन्या नावाखाली ज्यांनी घाम गाळला त्यांची नोंद नव्या वहीच्या पहिल्या पानावर करावी. आणि नव्या नावामुळे कोण बाहेर राहतो, तेही बघावे. जो रागावतो तो आपला असतो, परका कशाला रागवेल?

जय भीम! नमो बुद्धाय!