दगडफुलाची कुळकथा

मसाल्यात दगडफूल म्हणून जे पडते, तो बहुतेक वेळा झाडाच्या सालीवर वाढलेला शैवाक असतो. वरून राखाडी, खालून काळा, कडा मुडपलेल्या, वजनाला अगदी हलका. नागपूर-चंद्रपूरकडच्या सावजी रश्श्याला त्याच्यावाचून चव येत नाही आणि पुण्याकडच्या गोड्या मसाल्यातही धणे, खोबरे, तीळ यांच्या जोडीला तो असतोच. चंद्रपूर आणि गडचिरोली या जंगलाच्या जिल्ह्यांत मात्र तो किराणा दुकानातून विकत आणावा लागतो. गडचिरोलीच्या दोन तृतीयांशाहून अधिक क्षेत्रावर जंगल आहे. तेंदूपान, मोहफूल, बांबू, हिरडा असा कितीतरी माल तिथून बाहेर जातो, आणि दगडफूल बाहेरून आत येते. या उलट्या व्यवहाराचे कारण शैवाकाच्या घडणीत आहे.

शैवाक हा एक जीव नव्हे. बुरशीच्या तंतूंनी विणलेल्या देहात हिरव्या शैवलाच्या सूक्ष्म पेशी किंवा नीलहरित जिवाणू राहतात. ते उन्हात साखर तयार करतात आणि तिच्यावर बुरशी जगते. बुरशी त्यांना निवारा देते, ओल धरून ठेवते आणि प्रखर उन्हापासून आडोसा करते. दगडफुलाचा पापुद्रा आडवा कापून भिंगाखाली पाहिला तर वर तंतूंची घट्ट साय, तिच्याखाली हिरव्या पेशींचा पातळ थर, त्याखाली तंतूंची सैल वीण आणि तळाला पुन्हा काळी साय असा क्रम दिसतो. तळच्या बाजूला मुळांसारखे काळे तंतू असतात. ते सालीला नुसते धरून ठेवतात, झाडाचा रस शोषत नाहीत. त्यामुळे बांडगूळ आणि शैवाक यांना एका माळेत ओवणे चूक आहे. आंब्याच्या खोडावर पांढरे चट्टे दिसले की रोग आला असे समजून साल खरवडली जाते, तीही घाई अनाठायीच.

ही जोडी ओळखायला विज्ञानाला बराच वेळ लागला. लिनियसने 1753 मध्ये वनस्पतींची मांडणी केली तेव्हा सगळे शैवाक ‘लायकेन’ या एकाच प्रजातीत घातले आणि शैवलांच्या रांगेत बसवले. वनस्पतिसृष्टीतले दरिद्री शेतकरी अशीच त्याने त्यांची संभावना केली होती. त्याचाच शिष्य एरिक आकारियस याने पुढे त्यांचे नीट वर्गीकरण केले. 1867 मध्ये सायमन श्वेंडनर या स्विस शास्त्रज्ञाने शैवाक म्हणजे बुरशी आणि शैवल यांची जोडी असल्याचे मांडले, तेव्हा शैवाकतज्ज्ञच त्याच्यावर तुटून पडले. ज्यांचा अभ्यास करण्यात हयात गेली ते स्वतंत्र जीवच नाहीत, हे त्यांना पचण्यासारखे नव्हते. बारा वर्षांनी, 1879 मध्ये, जर्मन शास्त्रज्ञ आंतोन द बारी याने सहजीवनाची कल्पना मांडली ती मुख्यतः शैवाकांच्या आधारे. पाठ्यपुस्तकात ‘दोघांचा संसार’ म्हणून ही गोष्ट कायमची बसली असे वाटत असतानाच 2016 मध्ये कित्येक शैवाकांच्या वरच्या सायीत दुसऱ्या गटातली एक यीस्ट बुरशीही आढळली. ती त्या घरातली भागीदार की पाहुणी, यावर अजून वाद आहे.

भारतात दगडफुलाची ओळख यापेक्षा फार जुनी आहे. अमरकोशात शैलेय आणि अश्मपुष्प ही नावे येतात. भावप्रकाश निघंटूत शैलेय हे कापरासारख्या सुगंधी द्रव्यांच्या वर्गात ठेवलेले आहे. त्यावरून त्याचा प्रवास धूप, उटणे आणि औषध यांच्याकडून स्वयंपाकघराकडे झाला असावा. उत्तरेत त्याला छडीला म्हणतात आणि कनौजचे अत्तरवाले शमामा नावाच्या अत्तरात तो आजही घालतात. युरोपातही ओकच्या झाडावरचा एक शैवाक सुगंधी उद्योगात वापरला जातो. तो दगडफुलाच्याच गोत्रातला.

शास्त्रीय नावाचीही एक छोटी वंशावळ आहे. दगडफूल म्हणून सर्वाधिक ओळखली जाणारी जात इंग्लंडमध्ये विल्यम हडसनने 1762 मध्ये ‘लायकेन पर्लाटस’ या नावाने नोंदवली. पुढे तिचे ‘पार्मेलिया पर्लाटा’ झाले आणि 1952 पासून ती ‘पार्मोट्रेमा पर्लाटम’ आहे. आयुर्वेदाच्या आपल्या पुस्तकांत अजून मधले नावच चालते. पोत्यात ही एकच जात असते असे मात्र नाही. पार्मोट्रेमाच्या इतर जाती, पट्टीसारख्या अरुंद फांद्यांचा एव्हर्नियास्ट्रम, दाढीसारखा लोंबणारा उस्निया असा सगळा मिसळीचा माल दगडफूल म्हणूनच विकला जातो. मुठीत घेऊन पाहिले तरी रुंद पाकळ्या आणि बारीक काड्या वेगळ्या ओळखू येतात.

कोरड्या दगडफुलाला वास जवळजवळ नसतो. तेलावर भाजले की मातकट, धुरकट दरवळ सुटतो, म्हणून मसाला करताना ते वेगळे भाजून घेण्याची रीत आहे. बुरशी आपल्या तंतूंवर अट्रानोरिनसारख्या आम्लधर्मी द्रव्यांचे सूक्ष्म स्फटिक साठवते. तीव्र ऊन, कीटक आणि जिवाणू यांपासून बचाव हे त्यांचे काम. ही द्रव्ये विघटित झाली की त्यांतून सुगंधी संयुगे मोकळी होतात. जेवणाऱ्याला जी चव लागते ती मुळात शैवाकाने स्वतःच्या रक्षणासाठी केलेली तरतूद आहे.

आता मूळ प्रश्न. गडचिरोलीत पाऊस कमी नाही. वर्षाला 1,300 मिलिमीटरच्या वर पडतो, झाडेही अमाप आहेत. चंद्रपूरचा उन्हाळा 45 अंशांच्या वर जातो, म्हणून शैवाक होरपळून मरत असतील असे कोणालाही वाटेल. पण उन्हाळा त्यांचा खरा वैरी नाही. शैवाकाला मुळे नाहीत, पाणी अडवून धरणारी मेणचट त्वचा नाही आणि पाण्यावर ताबाही नाही. हवा ओली तर तो ओला, हवा कोरडी तर तो कोरडा. पूर्ण वाळला की त्याचा सगळा कारभार थांबतो, आणि त्या निद्रावस्थेत कित्येक जाती 60 ते 70 अंशांचे तापमान सहज सोसतात. पाणी मिळाले की काही मिनिटांत पुन्हा कामाला लागतात. हिरव्या शैवलाची सोबत असलेल्या शैवाकांना तर थेंबसुद्धा लागत नाही, धुक्यातल्या बाष्पावर त्यांचे भागते.

घात होतो तो उबदार ओलीत. ओला शैवाक दिवसा साखर कमावतो आणि रात्री श्वसनात खर्च करतो. तापमान जितके जास्त, तितका हा खर्च मोठा. पावसाळ्यात चंद्रपूरची रात्र 24-25 अंशांच्या खाली फारशी उतरत नाही आणि शैवाक मात्र रात्रभर भिजलेला असतो. दिवसा ढगांमुळे आणि सागाच्या रुंद पानांमुळे उजेड कमी, म्हणजे कमाईही कमी. पाऊस संपला की उलटा प्रकार होतो. साग पाने गाळतो, खोडावर भरपूर ऊन येते, पण ओल नसते. चार महिने तोट्याचे आणि उरलेले बहुतांश निद्रेचे, या हिशेबात मोठ्या पाकळ्यांचा शैवाक उभा राहत नाही. त्याला लागते थंड धुके आणि सकाळचे ऊन. ते मिळते हिमालयात, दीड-दोन हजार मीटरवरच्या बांज वृक्षांच्या जंगलात, निलगिरी आणि कोडाईकनालच्या डोंगरांत, आणि महाराष्ट्रात सह्याद्रीच्या महाबळेश्वरसारख्या माथ्यांवर. चंद्रपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम 200 मीटर उंच आहे.

म्हणून या दोन जिल्ह्यांतली खोडे उघडी आहेत असे मात्र नाही. पानझडीच्या मैदानी जंगलात राज्य असते ते सालीत रुतून बसणाऱ्या चपट्या शैवाकांचे. ते नखाने निघत नाहीत, सालीसकटच निघतात. कुठे पांढरट, कुठे राखी-हिरवट चट्टे, तर कुठे ग्राफिस प्रजातीच्या, मोडी लिपीत कोणी खरडल्यासारख्या काळ्या रेघोट्या. यातल्या बऱ्याच जातींचा जोडीदार ट्रेंटेपोहलिया हे नारिंगी रंगाचे शैवल असते. पाकळ्यांच्या शैवाकांपैकी पिक्सीन आणि डिरिनारिया हे सालीला घट्ट चिकटून राहणारे, उन्हाला सरावलेले प्रकार मैदानात तग धरतात.

कोणत्या झाडावर किती शैवाक बसतील हे सालीवर ठरते. सालई आणि कडई यांची साल कागदासारखी सुटत राहते, शैवाक रुजेपर्यंत खालची जमीनच निघून जाते. सागाच्या सालीच्याही लांब पातळ ढलप्या पडतात. ऐनाची, म्हणजे इकडच्या येनाची, साल जाड आणि खोल भेगांची असते. त्या भेगांत ओल जास्त वेळ टिकते आणि बीजुके अडकतात. मोह आणि आंबा ही झाडे गावकरी सहसा तोडत नाहीत, त्यामुळे त्यांचे म्हातारे खोड शैवाकाला पुरेसा काळ देते. आलापल्लीजवळ 1953 पासून राखून ठेवलेले सहा हेक्टरांचे जुने सागवन, ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’, 2014 मध्ये राज्याचे पहिले जैवविविधता वारसास्थळ ठरले. शैवाकांच्या दृष्टीने अशा जुन्या झाडांचे मोल वेगळेच आहे. याउलट मोहफुले वेचणे सोपे व्हावे म्हणून झाडाखालचा पाचोळा मार्च-एप्रिलमध्ये पेटवतात. त्या आगीत खोडाचा खालचा भाग दरवर्षी शेकून निघतो.

चंद्रपूरला आणखी एक गोष्ट लागू पडते. शैवाक सगळ्या अंगाने हवा शोषतो आणि पान गाळून विष बाहेर टाकण्याची सोय त्याच्याकडे नाही. गंधक डायऑक्साइडने त्याचे हरितद्रव्य नासते. पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत शैवाक आहेत आणि शहरात इतरत्र नाहीत, हे विल्हेल्म न्यूलांदर याने 1866 मध्ये दाखवले तेव्हापासून शैवाक हवेचे मापक मानले जातात. श्वेंडनरच्या सिद्धान्ताला कडाडून विरोध करणारा तो हाच न्यूलांदर. चंद्रपूरचे औष्णिक वीज केंद्र 1983 मध्ये सुरू झाले. भोवती कोळशाच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2009 च्या मूल्यांकनात 83.88 गुणांसह चंद्रपूर देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत चौथे आले. अशा जागी नाजूक जाती आधी जातात आणि धूळ सोसणारा पिक्सीन मागे राहतो. सिमेंटच्या धुळीने सालीची आम्लता घटते, त्यामुळेही जाती बदलतात.

या सगळ्याची नोंद ठेवण्याची विद्या देशात आहे. लखनौ विद्यापीठाचे धरणीधर अवस्थी यांनी भारतीय शैवाकशास्त्राचा पाया घातला. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत मोठे संग्रह आहेत. पुण्यात पी. जी. पटवर्धन आणि ऊर्मिला मखीजा यांनी सह्याद्रीतल्या शैवाकांवर दीर्घकाळ काम केले.

दुकानातल्या दगडफुलाचा मोठा भाग उत्तराखंडातून येतो. कुमाऊँ-गढवालच्या गावांतले लोक बांजाच्या फांद्यांवरून तो खरवडतात, वाळवतात, आणि रामनगर, टनकपूरच्या बाजारांतून तो देशभर जातो. पार्मोट्रेमाच्या कडांवर पिठूळ कण धरतात. त्यांत बुरशी आणि शैवल दोघेही असतात. वाऱ्याने कण उडून दुसऱ्या सालीवर बसला तर नवा शैवाक सुरू होतो, पण पाकळी वर्षाला काही मिलिमीटरच सरकते. तळहाताएवढा पापुद्रा व्हायला दशक सहज जाते. दगडफुलाची व्यापारी लागवड अद्याप कुठेही होत नाही. बाजारात येणारा प्रत्येक तुकडा जंगलातल्या झाडावरूनच काढलेला असतो.