सुवर्णनाण्याची वरची प्रत

सराफाच्या काट्यावर दोन नाणीं सारख्याच वजनाचीं आणि सारख्याच कसाचीं ठरलीं, म्हणजे त्याच्या लेखीं त्यांत भेद उरत नाहीं. संग्राहकाचा विचार तेथून पुढें सुरू होतो. एकाच टाकसाळींत, एकाच वर्षीं पाडलेल्या दोन नाण्यांपैकीं एक बाजारांत हजार हातांतून फिरलेलें असतें, तर दुसरें तिजोरींत पडून राहिल्यामुळें त्याची मूळची झळाळी कायम असते. पहिलें देऊन, वर कांहीं रक्कम घालून दुसरें घेणें, हा नाणकसंग्रहाचा जुना रिवाज आहे. विसाव्या शतकांत अमेरिकेंत या रिवाजाचें एक शास्त्रच बनलें.

१९३३ सालीं अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनीं हुकूम काढून नागरिकांजवळचें सोनें सरकारजमा करविलें. मात्र दुर्मिळपणामुळें संग्राहकांच्या दृष्टीनें विशेष मोल असलेलीं नाणीं त्या हुकुमांतून वगळलीं होतीं. जमा झालेलीं असंख्य नाणीं आटवून त्यांच्या लगडी करण्यांत आल्या. बाल्टिमोरचे बँकर लुई एलियासबर्ग यांनीं हुकुमांतील ती वाट हेरली. सोनें बाळगावयाचें तर संग्राहक व्हावयास हवें, या हिशेबानें त्यांनीं आरंभ केला. परंतु हिशेबाची जागा लवकरच छंदानें घेतली. १९४२ सालीं त्यांनीं क्लॅप घराण्याचा सबंध संग्रह एक लाख डॉलरांस विकत घेतला. पुष्कळ नाणीं आतां दुहेरी झालीं. सरस तें ठेवून दुसरें सोडावें, या नियमानें जास्तीचीं नाणीं १९४७ मध्यें लिलावांत निघालीं.

त्यांच्याजवळ १८२२ चें पांच डॉलरांचें सुवर्णनाणेंहि होतें. असलीं तीनच नाणीं ज्ञात आहेत आणि उरलेलीं दोन अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहांत आहेत. तेव्हां तें बदलून अधिक सरस घेण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. तेंच नाणें १९८२ च्या लिलावांत ६,८७,५०० डॉलरांस आणि २०२१ मध्यें ८४ लाख डॉलरांस गेलें.

इतर नाण्यांच्या बाबतींत मात्र प्रत ठरवावी कोणी, हा वाद कायम होता. 'उत्तम', 'अत्युत्तम' अशा शब्दांचा अर्थ विकणारा एक करी व घेणारा दुसरा. १९४९ मध्यें मनुष्याच्या शरीरयष्टीचे प्रकार पाडण्याबद्दल प्रसिद्ध असलेले मानसशास्त्रज्ञ विल्यम शेल्डन यांनीं आरंभींच्या अमेरिकन तांब्याच्या सेंटांसाठीं १ ते ७० अशी श्रेणी सुचविली. जेमतेम ओळखूं येणारें नाणें १ आणि निर्दोष नाणें ७०. सत्तर श्रेणीच्या नाण्याची किंमतहि सत्तरपट असावी, अशी त्यांची कल्पना होती. किंमतीचा हा नियम लवकरच कोलमडला; आंकडे मात्र टिकले आणि सोन्याच्या नाण्यांनाहि लागूं झाले. १९८६ पासून परीक्षक कंपन्या नाण्याला आंकडा देऊन तें कवचांत बंद करूं लागल्या.

बहुतेक जुन्या अमेरिकन सुवर्णनाण्यांत नऊ भाग सोनें व एक भाग मुख्यतः तांबें असे. इतकें करूनहि धातु मऊच. पिशवींत एकमेकांवर आदळूनच वीस डॉलरांच्या मोठ्या नाण्यांवर ओरखडे उठत. त्यामुळें ६४ आणि ६५ यांतला भेद कित्येकदां डोळ्याला दिसेल न दिसेल इतका असतो, पण किंमतींत तो कितीतरी पटींनीं उमटूं शकतो. म्हणून कवच फोडून तेंच नाणें वरच्या आंकड्याच्या आशेनें पुन्हां परीक्षेस धाडणारेहि निघाले.

या लोभाची सर्वांत खेदजनक कथा खुद्द शेल्डन यांचीच आहे. न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहांतील उत्कृष्ट सेंट काढून घेऊन त्यांच्या जागीं त्यांनीं आपले हलक्या प्रतीचे सेंट ठेवले होते. १९७७ मध्यें त्यांचा मृत्यु झाला. पुढें जुन्या छायाचित्रांशीं ताडून पाहतां हा प्रकार उघडकीस आला. तोंवर तीं नाणीं दुसऱ्याच्या हातीं गेलीं होतीं. १९९६ सालीं कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयानें संस्थेविरुद्ध गेलेला खालच्या न्यायालयाचा निकाल फिरविला.

आंकड्यावरून नाण्याची झीज कळते. तें कोणत्या मार्गानें आलें, हें कळत नाहीं. म्हणून जाणता संग्राहक वरची प्रत घेतांना नाण्याच्या पूर्वीच्या मालकांची परंपराहि तितक्याच बारकाईनें तपासून पाहतो.