पासंग, धडा आणि सरळ दांडी

‘तमक्याच्या पासंगालाही तो पुरणार नाही’ असे आपण सहज बोलून जातो. पण पासंग म्हणजे काय, हे आज किती जणांना सांगता येईल? रिकाम्या तराजूचे एक पारडे खाली झुकत असेल, तर वर राहिलेल्या बाजूला खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधून दांडी सरळ करीत. तो तुकडा म्हणजे पासंग. धडा हा त्याचाच भाऊ. गिऱ्हाईक तूप विकायला स्वतःचे भांडे घेऊन आले, की तशाच रिकाम्या भांड्याच्या वजनाइतके दगडगोटे दुसऱ्या पारड्यात टाकीत आणि मग तूप तोलीत. याला ‘धडा करणे’ म्हणत.

दोन्ही वजने घरची. त्यांना ना छाप, ना आकडा. म्हणूनच ती कशाची केली, याला महत्त्व होते. आपला धाराशिव जिल्हा काळ्या पाषाणावर वसलेला. बालाघाटाच्या कुठल्याही ओढ्यात फुकट मिळणारा गोटा पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड असतो. लोखंडाचे बीड सातपट आणि शिसे अकरापटींहून थोडे जास्त. भाजलेली वीट दुपटीलाही पोचत नाही. शिवाय ती आपल्या वजनाच्या दहा-पंधरा टक्के पाणी सहज पिते. म्हणजे अर्धा किलोचा विटेचा धडा पावसात भिजला, की पन्नास-पंचाहत्तर ग्रॅमने वाढला! काळा गोटा पाणी पीत नाही, झिजतो कमी. फुकटच्या वस्तूंत तोच सर्वांत इमानी. लोखंडी मापाच्या पोटात किंवा बुडाला शिशाची बुच असते, ती पाहिली असेल. कमी पडलेले वजन जड शिशाने थोडक्या जागेत भरून निघते आणि ते मऊ असल्याने त्यावर सरकारी शिक्का उमटतो. घरी मात्र शिसे वितळवू नये. त्याचा धूर विषारी.

सोन्या-चांदीला गुंजा चालत. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. इंग्रजी अमलातला कलदार रुपया बरोबर एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा, त्यामुळे खिशातले नाणे हेच वजन झाले. ऐंशी रुपये भार म्हणजे पक्का शेर. पण आपला जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. तिथला हाली रुपया सुमारे 11.18 ग्रॅमचा. शेजारची बार्शी इंग्रजांच्या मुलखात. सीमेच्या अलीकडे कोणी ऐंशी हाली रुपयांचा शेर मानला, तर तो बार्शीच्या शेरापेक्षा 38-39 ग्रॅमने हलका भरणार. बार्शी लाइट रेल्वे 1911 मध्ये लातूरपर्यंत आली आणि दोन्ही बाजारपेठा एका रुळावर आल्या. रूळ एक, रुपये दोन! लातूर तेव्हा याच जिल्ह्यात होते. ते 1982 मध्ये वेगळे झाले.

पण खरी मेख वजनात नसून दांडीत आहे. आमच्या घरी तुरी विकायच्या, तेव्हा खरेदीदार आधी रिकामा तराजू उचलून दाखवी. दांडी सरळ दिसली की आम्ही मान डोलवीत असू. पण पासंग फक्त रिकामी दांडी सरळ करतो. दांडीच्या दोन बाजू लहानमोठ्या असतील, तर तो दोष झाकला जातो, जात नाही. समजा एक बाजू 50 सेंटिमीटर आणि दुसरी 49. माल आखूड बाजूला टांगला, तर 100 किलोच्या वजनाला 102 किलो माल द्यावा लागेल. क्विंटलमागे दोन किलो तूर, आणि कोणी कोणाला खोटे बोलले नाही! यावर उपाय साधा होता: माल आणि वजने यांची पारडी बदलायची. दांडी खोटी असेल तर लगेच कलते. ज्या शेतकऱ्याला हे ठाऊक होते आणि जो ते भर बाजारात बोलू शकत होता, त्याचाच माल पुरा मोजला जाई. कर्ज घेतलेल्या माणसाला ‘पारडी बदला’ म्हणणे सोपे नव्हते.

म्हणून कायदा लागला. वऱ्हाडात 1897 मध्ये कापूस आणि धान्यबाजाराचा कायदा झाला. देशभर एकच माप असावे म्हणून 1956 चा कायदा आला आणि 1 ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्याने किलोग्रॅम बाजारात उतरला. महाराष्ट्राचा बाजार समित्यांचा कायदा 1963 चा. शेर, मण गेले, पण त्यांच्याबरोबर घरच्या धड्याची सत्ताही गेली.

आज आठवडी बाजारातही इलेक्ट्रॉनिक काटे आहेत. भांडे ठेवून बटण दाबले, की आकडा शून्यावर येतो. हा नव्या काळाचा धडाच. पण शून्य दिसणे म्हणजे काटा खरा असणे नव्हे. सरळ दांडीनेही तेवढेच सांगितले होते. शिक्का पाहावा, आणि शंका आलीच तर लिटरची रिकामी बाटली ठेवून शून्य करावे, मग त्याच बाटलीत मोजून लिटरभर पाणी भरावे. किलोच्या आसपास आकडा आला पाहिजे. पाण्याइतके स्वस्त वजन दुसरे नाही, आणि ते तपासायला कोणाची परवानगी लागत नाही.