पाळी गेल्यावरची गोळी आणि शर्यत

पेण-रोह्याकडे लहानपणी कबड्डी खेळलेली बाई पन्नाशीत पुन्हा शर्यतीत उतरली, की प्रश्न येतो: पाळी गेल्यावर अंगातून वाफा येतात म्हणून हार्मोनची गोळी घेतली, तर ती लबाडी होते का?

त्याआधी थोडा इतिहास. १९३५ साली टेस्टोस्टेरॉन प्रयोगशाळेत तयार झालं. पुढे पूर्व जर्मनीत कोवळ्या मुलींना जीवनसत्त्वं म्हणून निळ्या गोळ्या दिल्या. देशाला पदकं मिळाली, मुलींचे आवाज मात्र घोगरे झाले. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. १९७६च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये अशा औषधांची तपासणी सुरू झाली. १९९९ मध्ये ‘वाडा’ ही जागतिक संस्था उभी राहिली, आणि २०२२ मध्ये आपल्याकडे उत्तेजकविरोधी कायदा झाला.

वाडाचे नियम जागतिक मास्टर्स अ‍ॅथलेटिक्सलाही लागू आहेत. त्यांच्या यादीत इस्ट्रोजेनला बंदी नाही. पण पाळी गेल्यावर दिलं जाणारं टिबोलोन बंद आहे, आणि टेस्टोस्टेरॉनही. नुसतं वय झालं म्हणून टेस्टोस्टेरॉनला सवलत मिळत नाही. रक्तदाबाच्या काही लघवी वाढवणाऱ्या गोळ्यासुद्धा यादीत आहेत.

तेव्हा इलाजाची लाज नको. डॉक्टरांना औषधाचं नाव विचारा, आयोजकांना आधीच सांगा. स्पर्धेपायी गोळी मनाने बंद करू नका. सवलत मिळाली नाही, तर पदकाविना धावा. शेजारी धावणारीलाही सरळ लढतीचा हक्क आहे. त्या जर्मन मुलींना निवड नव्हती, आपल्याला आहे.